नवव्या घराचं पान

त्र्यंबकरावांचं वर्षश्राद्ध सव्वाअकरालाच आटोपलं, कारण गुरुजींना साडेबाराला फ्रिस्कोत सत्यनारायण होता. टेक्सासच्या प्लेनोत पितरांनाही घड्याळ पाहून यावं लागतं. त्यातून गुरुजींची गाडी सुरू होईना, म्हणून नातू यतीन त्यांना सोडायला गेला आणि जेवायला घरची चारच माणसं उरली: त्र्यंबकरावांचा मुलगा उल्हास, त्याची बायको शोभना, अल्फारेटाहून आदल्या दिवशी आलेली त्याची धाकटी बहीण रेणू आणि टेबलाच्या टोकाला आई.

आईंना पहिल्यांदा पाहणारा माणूस चक्रावतो. निळे डोळे, रुंद गालफडं, अंगावर सुती साडी आणि तोंडी अस्सल नागपुरी. "वडा घे न अजून, काऊन लाजून राहिली?" असं त्यांनी म्हटलं, की नवखा पाहुणा हातातला वडा विसरतो. छप्पन्न वर्षांपूर्वी त्र्यंबक वझलवार भिलाईच्या कारखान्यातून ट्रेनिंगला रशियात गेले आणि येताना जी मुलगी बायको म्हणून घेऊन आले, तिचं नाव लीदा. नागपूरच्या सासूबाईंनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'अहिल्या' असं लिहिलं आणि लीदा हे नाव तिथेच मिटलं. पासपोर्टावर अहिल्या, ग्रीन कार्डावर अहिल्या, प्लेनोच्या मराठी मंडळाच्या यादीतही अहिल्याकाकू.

शोभनाला धास्ती होती ती जेवणानंतरची. चार महिने झाले, दर शनिवारी जेवण उरकलं की आई चष्मा लावून कागद घेऊन बसत आणि सगळ्यांना एका गावाची हकिगत वाचून दाखवत. मालाया व्येत्का हे त्यांचं माहेर. रशियाच्या उत्तरेला, नदीकाठी, जवसाच्या शेतांमधलं तेवीस घरांचं गाव. तेवीसच, चोवीसावं कधी बांधलंच गेलं नाही. सत्तरच्या दशकात कुणा साहेबाने नकाशावर बोट ठेवून या गावाला भविष्य नाही असं ठरवलं. मग दुकान उठलं, शाळा उठली, माणसं एकेक करून सात किलोमीटरवरच्या मोठ्या वस्तीत गेली. टपाल वाटणारी झोया तेवढी हटून राहिली होती. तीन वर्षांपूर्वी तीही गेली आणि गाव संपलं. आता त्या मोठ्या वस्तीतली गालिना नावाची शाळामास्तरीण गावाचा इतिहास लिहीत होती, दर घराला एक पान; वरच्या आळीची पानं आधी, खालच्या आळीची शेवटी.

हे सगळं यतीनने शोधून काढलं होतं. मागच्या वर्षी त्याची नोकरी गेली, अकरा महिने तो आपल्या जुन्या खोलीत बसून अर्ज करत होता, आणि अर्ज करून वीट आला की आजीचं गाव इंटरनेटवर धुंडाळत होता. गालिनाला पहिला ईमेल त्याचा. पानं येत तीही त्याच्याच ईमेलवर. दर रविवारी सकाळी नऊ वाजता, तिथे संध्याकाळचे पाच वाजलेले असत, तो लॅपटॉप लावून द्यायचा आणि आई तासभर बोलायच्या. कुणाच्या छपराला कुठे भोक होतं, कुणाची सासू कुणाशी बोलत नसे, सगळं. आपण खालच्या आळीतल्या, एवढंच त्यांनी गालिनाला सांगितलं होतं. आपण लीदा, नवव्या घरातली, हे मुद्दाम नाही सांगितलं. आपल्यामागे आपल्याविषयी गाव काय बोलतं ते आधी ऐकावं, अशी त्यांची हौस होती. माणसाला असते ती. नवव्या घराची माहिती झोयानेच मरायच्या आधी दिलीय, असं गालिना म्हणाली, तेव्हा तर त्या खूश झाल्या. झोया म्हणजे त्यांची जिवाभावाची मैत्रीण.

"आठवं घर, दून्याचं," आईंनी वाचायला सुरुवात केली. वाचताना त्या मनातल्या मनात मराठी करत, त्यामुळे प्रत्येक वाक्याआधी किंचित थांबत. "नवरा युद्धातून एक हात घालवून आला. उरलेल्या हाताने गावात सगळ्यात चांगल्या टोपल्या विणायचा. दोन मुलं. गाय झोर्का."

"आई, सातव्या घराची गायही झोर्काच होती ना?" रेणू म्हणाली.

"गावातल्या निम्म्या गायी झोर्का. हाक मारली की सहा गायी वळायच्या." रेणू हसली, उल्हासही हसला. आईंनी पान उलटलं आणि चष्मा नीट केला. "हे आपलं. नववं घर, प्रास्कोव्या झूबोवा. नवरा मात्वेय, युद्धातल्या जखमांनी एकोणपन्नास साली वारला. मुलगा निकोलाय, उत्तरेला पाणबुड्यांच्या गोदीत वेल्डर होता. सत्तर साली गावी परत आला, ट्रॅक्टरवर लागला. धाकटी मुलगी लीदिया दक्षिणेत कामाला गेली होती, तिथे एकोणसत्तरच्या हिवाळ्यात तापाने वारली. चाळिसाव्या दिवशी प्रास्कोव्याने गावाला जेवण घातलं. घर लहान म्हणून तीन पंगती उठल्या."

त्या एकाच सुरात वाचत गेल्या होत्या. शेवटच्या वाक्यानंतर पुढे काही आहे का म्हणून त्यांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. त्यांनी कागदाची घडी घातली, ती ताटाखाली सरकवली आणि विचारलं, "खीर कोणाची राहिली?"

कुणाचीच राहिली नव्हती. त्या उठल्या, हात धुतले आणि सरकत्या दारातून मागच्या अंगणात गेल्या.

*

रेणू स्वयंपाकघरात आली तीच पेटून. आपल्या आजीने आपल्या आईचं तेरावं घालावं आणि गावाने त्यावर तीन पंगती जेवाव्यात, हे तिला पचेना. ती सरळ म्हणाली, की उद्या नऊ वाजता त्या मास्तरणीला ठणकावून सांगायचं: लीदिया जिवंत आहे, टेक्सासात आहे, तिला दोन मुलं आणि एक नातू आहे. सोमवारी पुस्तक छपाईला जाणार आहे, म्हणजे दुरुस्तीला उद्याचाच दिवस.

शोभना भांडी पुसत होती. पुसून झालेलं पातेलं तिने पुन्हा पुसलं. ती वाईट बाई नव्हती. सासूचं तिने बारा वर्षं केलं होतं, सासऱ्यांचं शेवटचं वर्ष तर हातावर उचलून धरलं होतं. पण अकरा महिने आपला सव्वीस वर्षांचा मुलगा खोलीचं दार लावून बसलेला तिने पाहिला होता, आणि आता त्याला नोकरी मिळत होती. कंपनी संरक्षण खात्याची कामं करणारी. सरकारी क्लिअरन्स मिळाला तरच रुजू व्हायचं. त्याचा फॉर्म सोमवारी भरून द्यायचा होता आणि त्यात परदेशातल्या माणसांशी तुमचा, तुमच्या घरच्यांचा संबंध आहे का, असेल तर कुणाशी, किती वेळा, असे प्रश्न होते. पुढे माणूस येऊन शेजाऱ्यांकडेही चौकशी करतो म्हणे.

"मला एक सुचतंय," ती म्हणाली. "रागावू नका. ते पान जसं आहे तसं राहिलं तर काय बिघडतं?"

रेणूने तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

शोभनाने मग एका दमात सगळं सांगितलं. आईंनी उद्या त्या बाईंचे आभार मानावेत, कॉल बंद करावेत. पुस्तक कुणी वाचणार नाही, तिथे राहतंय कोण. त्या पुस्तकात आईंचं नाव पत्त्यासकट छापलं, तर मात्र ते कायमचं नेटवर राहील, आणि उद्या कुणी शोधलं तर पहिला ईमेल यतीनचा निघेल. आज ते पान म्हणतं, की ती मुलगी वारली. मग फॉर्मात लिहायचं तरी काय?

"वहिनी, तू माझ्या आईला मेलेली राहायला सांगतेयस," रेणू म्हणाली.

"मी यतीनबद्दल बोलतेय."

उल्हास दोघींच्या मध्ये, फ्रिजला टेकून उभा होता. आयुष्यभर तो असाच उभा राहत आला होता, आई आणि बायकोच्या मध्ये, बहीण आणि बायकोच्या मध्ये. आजही त्याने काही ठरवलं नाही. यतीनला विचारूया, एवढं म्हणाला. त्यावर शोभना म्हणाली, की त्याला काही विचारायचं नाही. तो आजीवेडा, लगेच नको म्हणेल आणि पुन्हा खोलीत जाऊन बसेल. रेणूला हे पटलं नाही, पण यतीनच्या बंद दाराचं नाव निघाल्यावर तीही थोडी नरमली. आत्या होती ती त्याची.

*

आई अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. ऑक्टोबरची दुपार होती, ऊन सोसवेल इतपतच. कुंपणापलीकडे कुणीतरी पानं उडवायचं मशीन लावलं होतं आणि ते घोंगावत होतं.

त्यांच्या मनात राग नव्हता, आधी नुसता हिशेब चालला होता. एकोणसत्तरच्या नोव्हेंबरात त्या निघाल्या. स्टेशनवर त्यांची आई आली नाही, झोया आली. आईला बरं नाही, असं म्हणाली. छप्पन्न वर्षं त्या गोष्टीचा सल त्यांनी बाळगला होता. त्र्यंबकरावांना शंभर वेळा सांगितला असेल. नागपुरात भाऊकाका नावाच्या चुलत सासऱ्यांनी, परजातीची, परधर्माची बाई आणली म्हणून त्र्यंबकचं घटश्राद्ध घाला, तो मेला समजा, असा घोशा लावला होता. सासऱ्यांनी त्यांना हात जोडून घराबाहेर वाट दाखवली आणि नव्या सुनेला पहिल्या पंगतीत बसवलं. त्या दिवशी लीदा न्हाणीघरात जाऊन रडली होती, की माझी आई स्टेशनवर आली नाही आणि ही परकी माणसं माझ्यासाठी भांडतात. आणि त्याच महिन्यात तिकडे आई तिच्या नावाने तीन पंगती उठवत होती.

उल्हास येऊन शेजारच्या पायरीवर बसला.

"चौदा वर्षं मी आईला पत्रं लिहिली," त्या म्हणाल्या. "तिला वाचता येत नव्हतं. झोया वाचून दाखवायची, झोयाच उत्तर लिहायची. पहिल्याच उत्तरात तिने लिहिलं होतं, की पत्र झोयाच्या पत्त्यावर, तालुक्याच्या टपालात पाठव, घरची पत्रपेटी मोडली. चौदा वर्षं पत्रपेटी मोडलेली, उल्हास. आणि घरात कोल्या, माझा भाऊ निकोलाय. कोल्याला सुतारकाम येत होतं, वेल्डिंग येत होतं. त्याला एक पेटी दुरुस्त करता येत नव्हती? मला कधी शंकाच आली नाही बघ. मी नवी पेटी घ्यायला पैसेसुद्धा पाठवले."

त्या हसल्या. उल्हासला हसू आलं नाही.

"पण असं केलं का आजीने?"

"कोल्यासाठी. तो गोदीत होता, पाणबुड्यांच्या. तिथे कामाला ठेवताना फॉर्म भरून घ्यायचे. बाहेरदेशी नातेवाईक आहे का. आणि मग गावात माणूस यायचा, घरोघर विचारायला." त्या थांबल्या. "आईला वाटलं असेल, गाव म्हणालं पोरगी मेली, तर तो माणूस तेच लिहून नेईल. अंगठा उठवणारी बाई होती ती. तिला काय माहीत, की माझं लग्न शहरात नोंदलं, पासपोर्ट शहरात झाला, सगळे कागद आधीच वर गेलेले. गावाला काय विचारायचं राहिलं होतं? कोल्याला सत्तर साली काढलंच. मला झोयाने लिहिलं, कोल्या परत आला, त्याला गावचीच हवा मानवते. मी खरं मानलं. एकवीस वर्षं ट्रॅक्टर चालवून गेला तो. माझ्यामुळे."

सरकत्या दारात शोभना आणि रेणू उभ्या होत्या. कधी आल्या होत्या कोण जाणे. रेणूचा राग आता दुसरीकडेच वळला. ती पुढे आली आणि म्हणाली, की असलं गाव गेलं खड्ड्यात. ज्यांनी तुला जेवून संपवलं त्यांना कशाला काही सांगायचं, नाही तर नाही त्यांच्या पुस्तकात. तासाभरापूर्वी ठणकावून सांगा म्हणणारी हीच. शोभनाला वाटलं होतं, की आपल्या बाजूने कुणी बोललं तर हायसं वाटेल. तसं काही झालं नाही.

"गावाला काही बोलू नको," आई रेणूला म्हणाल्या. "गाव भल्या मनाने जेवलं. रडलेही असतील माझ्यासाठी." मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि अंगण काही फार मोठं नव्हतं. "शोभना, तू म्हणाली ते मी ऐकलं. बरोबर आहे तुझं. एका पोराचं आयुष्य माझ्यापायी गेलं. दुसऱ्याचं नको. ते पान राहू दे तसंच."

"आई, माझ्या मनात तसं नव्हतं," शोभना म्हणाली.

"तसंच होतं, आणि त्यात वाईट काही नाही. मी त्याची आई असते तर हेच म्हटलं असतं. फक्त एक कर. ही छोटी गोष्ट आहे असं मला सांगू नको."

उल्हास पायरीवरून उठला. "आजीने तिच्या मुलासाठी केलं," तो म्हणाला. "शोभना तिच्या मुलासाठी करतेय. दोन्ही वेळा पुसलं जातंय ते आईलाच." कुणाकडे न बघता तो आत गेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने बाजू घेतली आणि ती घेऊन तो बेडरूममध्ये जाऊन झोपला.

यतीन तीन वाजता परतला. गुरुजींच्या गाडीची बॅटरी बदलून, सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन. घर इतकं गुमसुम का, म्हणून त्याने विचारलं. शोभना म्हणाली, श्राद्धाचा दिवस आहे.

*

रविवारी सकाळी साडेआठला यतीन खाली आला, तेव्हा शोभना चहा ढवळत होती. साखर केव्हाच विरघळली होती.

त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला. आजी तिच्या खोलीत केस विंचरत होती. गालिनाच्या कॉलच्या आधी ती नेहमी केस विंचरायची आणि कपाळाला टिकली लावायची.

"आजपासून कॉल बंद," शोभना म्हणाली. "आजी सांगणारेय तिला."

"का? पुस्तक झालं म्हणून?"

शोभनाने खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण रात्रभर जे मनात घोळलं ते तोंडून बाहेर पडलं. नववं घर, तीन पंगती, कोल्या, मोडकी पत्रपेटी, सगळं तिने त्याला सांगितलं. मीच म्हटलं त्यांना तसंच राहू द्या म्हणून, हेही सांगितलं. "आणि त्या हो म्हणाल्या रे. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं."

यतीनने लॅपटॉप उघडला. आईवर चिडायला त्याला सोपं गेलं असतं, पण खरं काय ते त्याला माहीत होतं. फॉर्म आठ दिवसांपूर्वीच भरून झाला होता. परदेशी संबंधांचा तेवढा रकाना त्याने रिकामा ठेवला होता. रोज उघडायचा, बघायचा आणि बंद करायचा. काय लिहायचं ते माहीत होतं, आणि न लिहून चालतं का, हे तोही बघत होता. आजीला मेलेली ठेवायचा विचार या घरात पहिल्यांदा आईच्या मनात आला नव्हता.

"मॉम, आय लेफ्ट इट ब्लँक," तो म्हणाला. "तू काही म्हणायच्या आधीच."

शोभनाने चमचा बशीत ठेवला.

"आणि त्या कोल्याचं काय झालं?" तो म्हणाला. "दे फाउंड आउट एनीवे. खोटं बोलून त्याचा जॉब राहिला का? नाही राहिला. फक्त आजी गेली. लिहिलं तर कदाचित मला हा जॉब मिळणार नाही. आय नो. पण न लिहिता मिळाला, तर मी रोज त्या बिल्डिंगमध्ये जाऊन काय सांगणार स्वतःला?"

"पुन्हा अकरा महिने लागले तर?"

"तर लागले. तू दार वाजव मधून मधून. तू वाजवतच नाहीस, घाबरतेस."

शोभनाला रडू आलं आणि तिने ते थांबवलं नाही. तेवढ्यात उल्हास आणि रेणू खाली आले, पाठोपाठ आजीही. कपाळाला टिकली होती. नऊला दोन मिनिटं होती, कुणाला काही सांगायला सवड नव्हती. यतीनने कॉल लावला.

पडद्यावर गालिना आली. पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, खांद्यावर लोकरी शाल, समोर छापलेल्या पानांचा गठ्ठा आणि हातात पेन्सिल. यतीनला रशियन कळत नव्हतं. आजी म्हणते ते 'दा' आणि 'न्येत', हो आणि नाही, एवढंच कळायचं. गालिना एकेका घराचं नाव घेत होती, आजी दा म्हणत होती आणि गालिना पानावर खूण करत होती. सहावं घर, सातवं घर. आठव्याला आजीने काहीतरी दुरुस्त केलं. मग गालिनाने पुढचं पान उचललं आणि प्रश्न विचारला. आजीचा हात टेबलाच्या कडेवर होता. त्या हाताने तिने कड धरली.

"न्येत," ती म्हणाली.

दुरुस्ती काही नाही. यतीनला तेवढं समजलं. गालिनाची पेन्सिल खूण करायला खाली आली, तेवढ्यात त्याने खुर्ची ओढली आणि आजीला खेटून, कॅमेऱ्यासमोरच बसला. हातातल्या फोनवर फॉर्म उघडा होता.

"आजी, एक मिनिट. मला तुझं नाव पाहिजे. लग्नाआधीचं, पूर्ण."

"नंतर घे न बाबा. बाई समोर आहे."

"आत्ताच पाहिजे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. जन्मगाव. सरकारला द्यायचंय."

आजीने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या फोनकडे, आणि तिला कळलं. तिने मान हलवली. नको, असं ती ओठांनीच म्हणाली. मग तिने शोभनाकडे पाहिलं, कारण हा शब्द शोभनाला दिलेला होता आणि त्यातून मोकळं करायचं तर शोभनानेच.

शोभना शेगडीपाशी उभी होती. डोळे अजून ओले होते. "सांगा आई," ती म्हणाली. "तो विचारतोय तर सांगा."

रेणूने भावाचा दंड धरला. पलीकडे गालिना या माणसांकडे कुतूहलाने बघत थांबली होती. घरात काही गडबड असेल, असं समजून तिने नम्रपणे नजर खाली वळवली होती.

आईंनी श्वास घेतला. हे नाव त्यांनी किती वर्षांत सलग उच्चारलं नव्हतं, त्यांनाही आठवत नव्हतं. त्र्यंबकराव लाडाने लीदा म्हणत तेवढंच, आणि तेही वर्षापूर्वी थांबलं होतं.

"लीदिया मात्वेयेव्ना झूबोवा," त्या म्हणाल्या. "जन्म मालाया व्येत्का."

यतीन एकेक अक्षर टाइप करत होता. आईंनी त्याने न विचारलेलंही सांगितलं, आणि ते रशियनमध्ये सांगितलं. "नववं घर."

गालिनाने मान वर केली. तिने हातातलं पान पाहिलं, मग पडद्यावरची टिकली लावलेली म्हातारी पाहिली, पुन्हा पान पाहिलं. पेन्सिल तिने खाली ठेवली आणि काहीतरी हळूच विचारलं.

"काय म्हणते?" उल्हासने विचारलं.

"म्हणते, तुम्ही कोण."

आई पडद्याकडे वळल्या आणि त्यांच्या आवाजात चार महिन्यांत कधी नव्हता तो मोकळेपणा आला. "मी प्रास्कोव्याची लीदा," त्या गालिनाला म्हणाल्या. "घाबरू नकोस, पोरी. लिहून घे. आधीचं काही खोडायचं नाही. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं ते खरं, तीन पंगती उठल्या तेही खरं. ते सगळं राहू दे. त्याच्या खाली एवढंच लिही, की मुलगी जिवंत होती, आणि हे आईला माहीत होतं."